लिंकरने गप्प का बसावे?

बालाघाट-नैनपूर रेल्वेमार्गावरच्या लामत्यात काय किंवा खाली गोंदियात काय, नवा फोन आला म्हणून जुना कोणी फेकून देत नाही. तो घरातल्या पोरांच्या हाती जातो. त्यामुळे अ‍ॅप बनवणाऱ्याला एकाच घरातली दोन वेगवेगळी अँड्रॉइड सांभाळावी लागतात. नव्यात असलेले एखादे फंक्शन जुन्यात मुळीच नसते. सी++ मध्ये लिहिलेल्या अ‍ॅपने त्याचे नाव बेधडक घेतले, तर जुन्या फोनवरचा लोडर ते शोधतो, त्याला ते मिळत नाही आणि अ‍ॅपचा तो भाग चढतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे वीक सिंबल, म्हणजे कमकुवत ठरवलेले नाव. प्रोग्रॅमचे सुटे तुकडे जोडणारा तो लिंकर आणि चालवतेवेळी लायब्ररी आणून नावांना पत्ते देणारा तो लोडर. नाव वीक असेल, तर ‘मिळाले तर घ्या, नाही तर पत्त्याच्या जागी शून्य लिहा’ अशी त्यांना मुभा असते. उलट बाजूने, एखादी व्याख्याच वीक ठेवता येते. झाडीपट्टीच्या नाटकात मुख्य नट आला नाही तर उभा करायला एक राखीव गडी असावा, तशी. त्याच नावाची पक्की व्याख्या आली, की लिंकर तिलाच घेतो. दोन पक्क्या व्याख्या समोरासमोर आल्या तर मात्र तो आरडाओरडा करून काम थांबवतो. पक्की आणि वीक अशी जोडी आली, तर चकार शब्द काढत नाही.

नेमके हे मौनच खटकते.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर एक गणित शेकडो प्रोसेसरांत वाटले जाते आणि त्यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण एमपीआय लायब्ररी करते. एमपीआयच्या प्रचलित लायब्ररींत ‘एमपीआय_सेंड’ हे नाव बहुधा वीक असते. खरे काम ‘पीएमपीआय_सेंड’ करते. त्यामुळे वेळ मोजणारे साधन पहिल्या नावाचे आपले फंक्शन मध्ये घालते, घड्याळ लावते आणि निरोप पुढे पाठवते. संशोधकाला मूळ प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत एसटीएम32 जातीचे बोर्ड सर्रास दिसतात. त्यांच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टच्या (चालू काम थांबवणाऱ्या हाकेच्या) हँडलरचे, म्हणजे तो आल्यावर धावणाऱ्या फंक्शनचे, नाव वीक असते आणि ती सगळी नावे एकाच डिफॉल्ट हँडलरकडे बोट दाखवतात. त्या हँडलरमध्ये असते फक्त एक न संपणारे चक्र. विद्यार्थ्याने आपले फंक्शन लिहिताना नावातले एक अक्षर चुकवले, तर त्याचे फंक्शन नुसते पडून राहते आणि वीक व्याख्या जागेवर बसते. ना एरर, ना वॉर्निंग. इंटरप्ट आला की बोर्ड ठप्प. पोरगा वायरी तपासतो, बोर्ड बदलून बघतो. दोष मात्र स्पेलिंगमध्ये असतो.

अनुभवी मंडळीही यातून सुटलेली नाहीत. जीसीसी या कंपायलरच्या सी++ लायब्ररीने लिनक्सवर वर्षानुवर्षे एक युक्ती वापरली: थ्रेड लायब्ररीतल्या एका वीक नावाचा पत्ता शून्य असेल, तर प्रोग्रॅम एकाच थ्रेडचा समजायचा आणि कुलपांचा खर्च वाचवायचा. पण स्टॅटिक लिंकिंगमध्ये, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच जोडून टाकताना, केवळ वीक मागणीसाठी लिंकर संग्रहातला तुकडा बाहेर काढत नाही. परिणामी काही पत्ते भरले जात, काही शून्यच राहत, आणि थ्रेड सुरू करताच प्रोग्रॅम कोसळे. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या ग्लिबसी 2.34 ने, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या आवृत्तीने, थ्रेड लायब्ररी मुख्य लायब्ररीतच विलीन केली, तेव्हा या दुखण्याचे मूळ गेले.

लिनक्सवरच्या लोडरची तर तऱ्हाच निराळी. पक्के की वीक, हा भेद तो व्याख्या निवडताना पाहतच नाही; शोधाच्या क्रमात जी आधी सापडेल ती त्याची. ग्लिबसी 2.2 येईपर्यंत, म्हणजे 2000 पर्यंत, तो वीक व्याख्या बाजूला ठेवून पुढे पक्की शोधत असे. ती जुनी रीत परत हवी असेल तर ‘एलडी_डायनॅमिक_वीक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आजही आहे. म्हणजे लिंकरच्या नियमावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम लोडरच्या हाती वेगळे वागू शकतो.

अँड्रॉइडने यातून बरा मार्ग काढला आहे. अ‍ॅपचा सी++ भाग बांधण्याच्या एनडीके या साधनसंचात वीक नावांची सोय सुरू केली, की तिच्यासोबत एक सक्तीही लावता येते: फंक्शन या फोनवर आहे का, हे आधी विचारल्याशिवाय त्याला हाक मारली, तर कंपायलर तिथेच अडवतो. इतर साधनांनीही हा कित्ता गिरवायला हवा. सी++ मध्ये टेम्पलेटमुळे वीक नावांचा सुकाळ असतो, प्रत्येकाची वॉर्निंग दिली तर कोणी वाचणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रोग्रॅमरने स्वतःच्या हाताने वीक ठरवलेली नावे त्या मानाने थोडी असतात. तेवढ्यांचा हिशेब मागण्याआधीच मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर ओझे कॉलेजांवर आहे. ‘एनएम’ ही आज्ञा वीक फंक्शनच्या नावापुढे डब्ल्यू छापते: मोठा डब्ल्यू असेल तर व्याख्या हजर, छोटा असेल तर नाही. ‘एलडी_डीबग’ या व्हेरिएबलला ‘बाइंडिंग्ज’ ही किंमत दिली, की कोणते नाव कोणत्या लायब्ररीशी जोडले गेले, हे लोडर ओळीने सांगतो. दोन्ही साधने लिनक्सवर फुकट मिळतात. सी शिकवणाऱ्या वर्गात मात्र लिंकिंग बहुतेकदा एका आकृतीत उरकले जाते. प्रॅक्टिकलच्या वहीत प्रोग्रॅमच्या उत्तराशेजारी या दोन साधनांचे उत्तरही मागितले, तर स्पेलिंगची चूक ‘एनएम’मुळे बोर्ड हातात घेण्याआधीच सापडेल.