पवित्र डोंगर आणि मोटारसायकलींची जत्रा

अमेरिकेच्या साऊथ डाकोटा राज्यातील स्टर्जिस हे गाव आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकवस्ती सुमारे ७ हजार. एरवी या गावाची दखल घेण्याचे कोणाला काही कारण नाही. मात्र ऑगस्ट उजाडला की देशाच्या चारी दिशांनी मोटारसायकलींचे तांडे त्या दिशेने निघतात आणि दहा दिवस तेथील मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. २०१५ मध्ये पंचाहत्तरावा मेळावा भरला, तेव्हा राज्याच्या वाहतूक विभागाच्या अंदाजानुसार ७ लाख ३९ हजार माणसे आली होती. साऱ्या राज्याची लोकसंख्याच तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या जत्रेचे आकारमान कळून येईल.

इतकी माणसे, तीही पन्नाशी ओलांडलेली, हजारो मैल ऊन-वारा खात कशासाठी जातात? या प्रश्नाचे बाजाराने तयार करून ठेवलेले उत्तर एका शब्दाचे आहे : स्वातंत्र्य. मोकळा रस्ता, वाऱ्यावर उडणारे केस, कातडी जाकिटावर पंख पसरलेला गरुड आणि कोणाचेही बंधन न मानणारा एकटा स्वार. गेली सत्तर वर्षे जाहिरातींनी आणि चित्रपटांनी हेच चित्र रंगवले. वस्तुतः या मेळाव्यांकडे बारकाईने पाहिले, तर नेमके उलटे दृश्य दिसते. तेथे येणारा माणूस एकटेपणाला कंटाळलेला असतो आणि कुठल्यातरी रांगेत आपली जागा शोधत असतो.

स्टर्जिसचा आरंभच पाहावा. क्लॅरेन्स होएल हा या गावातील एक साधा व्यावसायिक. घराण्याचा धंदा बर्फाच्या लाद्या विकण्याचा. घरोघरी शीतकपाटे येऊ लागली तसा तो धंदा बसला. तेव्हा त्याने १९३६ मध्ये ‘इंडियन’ या प्रसिद्ध अमेरिकन मोटारसायकलीची विक्री हाती घेतली. (ज्या भूमीवरून तेथल्या मूळ रहिवाशांना हुसकावले, त्याच भूमीवर त्यांचे नाव दिलेले यंत्र विकले जावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.) चार मित्र जमवून त्याने ‘जॅकपाइन जिप्सीज’ नावाचे मंडळ काढले आणि ऑगस्ट १९३८ मध्ये एक शर्यत भरवली. स्पर्धक किती? अवघे नऊ. पाहुण्यांना घेऊन आसपासच्या डोंगरांत सहलीला जायचे, रात्री तंबू ठोकायचे आणि होएलची पत्नी पर्ल हिने सर्वांच्या जेवणाची काळजी वाहायची, असा हा घरगुती मामला होता. १९४२ मध्ये महायुद्धामुळे पेट्रोलचे नियंत्रण आले, म्हणून त्या वर्षी मेळावा झाला नाही.

पुढे या छंदाला गुंडगिरीची छाया चिकटली. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार जमले, दारू पिऊन काहींनी धिंगाणा घातला. ‘लाइफ’ मासिकाने दारूच्या बाटल्यांच्या राशीत बसलेल्या एका स्वाराचे छायाचित्र छापले आणि देशभर खळबळ उडाली. ते छायाचित्र मुद्दाम जुळवून आणलेले होते, असे सांगणारे साक्षीदार नंतर पुढे आले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोच्या ‘द वाइल्ड वन’ने त्या प्रतिमेवर कायमचा शिक्का मारला. गुन्हेगारी टोळ्या खरोखरच होत्या आणि आजही आहेत. पण लाखांच्या मेळाव्यांत त्यांचे प्रमाण किती? बहुसंख्य माणसे पोटापाण्याच्या सरळ उद्योगातली. अमेरिकेतील मोटारसायकल उद्योगाच्या २०१८ मधील पाहणीनुसार तेथील स्वाराचे मध्यम वय पन्नास वर्षे होते. म्हणजे ज्याला आपण उनाड तरुण समजतो, तो बहुधा नातवंडे असलेला आजोबा असतो.

या मंडळींचे समूहाने चालणे हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे. रस्त्याच्या एकाच पट्ट्यात दोन ओळी धरायच्या, पण चाकाशी चाक लावून नाही. पुढचा डाव्या बाजूला असेल, तर त्याच्या मागचा किंचित अंतर ठेवून उजव्या बाजूला, त्यामागचा पुन्हा डावीकडे. सर्वांत पुढे मार्ग ठाऊक असलेला नायक आणि सर्वांत शेवटी मागे पडणाऱ्याला सांभाळणारा अनुभवी गडी. खड्डा आला तर पायाने वा हाताने खूण. ती खूण पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत लाटेसारखी जाते. समोरून अनोळखी स्वार आला तरी डावा हात खाली करून दोन बोटांनी नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचे नाही. कोणाची गाडी बंद पडली तर थांबायचे. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत ज्याची त्याची जागा ठरलेली असते, वीणेकरी कुठे आणि पताकावाले कुठे हे कोणी नव्याने सांगावे लागत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या शिस्तीचे रहस्य चटकन कळेल. स्वातंत्र्याच्या नावाने घराबाहेर पडलेला माणूस येथे स्वखुशीने शिस्त पत्करतो.

या समूहभावाचे सर्वांत गंभीर रूप पाहायला मिळाले ते वॉशिंग्टनमध्ये. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना त्यांच्या समाजाने जवळ केले नाही. हरलेल्या आणि नकोशा झालेल्या युद्धाची लाज समाजाने सैनिकांच्या माथी मारली. त्यातील अनेकांना बरोबर युद्ध केलेल्या सोबत्यांखेरीज कोणाशी बोलता येईना, आणि ही सोबत त्यांना मोटारसायकलींच्या मंडळांत मिळाली. १९८८ मध्ये युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा हिशेब सरकारने द्यावा, या मागणीसाठी सुमारे अडीच हजार मोटारसायकली राजधानीत दाखल झाल्या. व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाच्या मोहिमेचे ‘रोलिंग थंडर’ हेच नाव त्यांनी आपल्या फेरीला दिले. मे महिन्याच्या अखेरीस, हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या वेळी, पेंटॅगॉनपासून व्हिएतनाम स्मारकापर्यंत ही फेरी दरवर्षी निघू लागली आणि वाढत वाढत लाखांच्या संख्येला पोहोचली. मूळ संघटनेने २०१९ मध्ये शेवटची राष्ट्रीय फेरी काढली. त्यानंतर माजी सैनिकांच्या दुसऱ्या संघटनेने ती परंपरा वेगळ्या नावाने पुढे चालवली.

१९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या स्मारकाच्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. भिंतीच्या पायथ्याशी लोक पत्रे, पदके, जुने बूट ठेवून जातात. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील माजी सैनिकांनी तेथे एक अख्खी हार्ले-डेव्हिडसन आणून ठेवली. आपल्या राज्यातील ३७ बेपत्ता सैनिकांच्या नावाच्या पट्ट्या त्यांनी गाडीबरोबर ठेवल्या आणि एक अट घातली : या सर्वांचा ठावठिकाणा लागेपर्यंत ही गाडी कोणीही चालवायची नाही. मोटारसायकलस्वाराने चालवायची नाही म्हणून गाडी द्यावी, यापेक्षा मोठे दान तो काय करणार? सोबती गेला तर त्याच्या अंत्ययात्रेत रांगेतील त्याची जागा रिकामी ठेवून चालण्याची प्रथाही या लोकांत आहे. ज्याला ही रिकामी जागा ठेवावीशी वाटते, त्याला केवळ हुल्लडबाज म्हणून मोडीत काढणे हा अन्याय होईल.

स्टर्जिसला मात्र असा काही हेतू उरला नाही. आपुलकीतून जन्मलेल्या मेळाव्याचा बाजाराने ताबा घेतला. दारूचे अजस्र गुत्ते, रात्र रात्र चालणारे संगीताचे कार्यक्रम, ओंगळ प्रदर्शने, आणि प्रत्येक वस्तूवर गावाचे नाव. त्या नावाच्या व्यापारचिन्हाच्या मालकीवरून न्यायालयात लढाई झाली. २०१८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्या हक्काचा पाया पुरेशा पुराव्याअभावी टिकत नाही, असा निर्णय दिला. बर्फवाल्या होएलच्या सहलीचे नाव कोणाच्या मालकीचे, यावर वकिलांची फौज भांडावी, इथपर्यंत मजल गेली. २०२० मध्ये कोरोनाची साथ ऐन भरात असताना गावातील नागरिकांचे मत नगरपालिकेने अजमावले. साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी मेळावा पुढे ढकला, असे सांगितले. तरीही तो झाला आणि साडेचार लाखांहून अधिक वाहनांची नोंद झाली. ज्या गावाचे नाव विकायचे, त्या गावाचे म्हणणे मात्र ऐकायचे नाही!

पण स्टर्जिसचे खरे दुखणे त्याहून जुने आणि खोल आहे. या गावाच्या ईशान्येला थोड्याच अंतरावर सपाट माळरानातून एक एकांडा डोंगर वर आलेला दिसतो. इंग्रजी नाव बेअर ब्यूट, लाकोटा जमातीच्या भाषेत ‘मातो पाहा’, म्हणजे अस्वलाचा डोंगर. लाकोटा आणि शायान या दोन्ही समाजांचे हे परमपवित्र स्थान. शायान परंपरेनुसार त्यांच्या धर्मसंस्थापक महापुरुषाला याच डोंगरावर चार पवित्र बाण आणि जीवनाचे नियम प्राप्त झाले. आजही या समाजातील माणसे तेथे एकांतात उपास करून प्रार्थनेला बसतात, आणि झाडांच्या फांद्यांना बांधलेली रंगीत वस्त्रे व तंबाखूच्या पुरचुंड्या वाऱ्यावर हलत असतात. हे अनुष्ठान शांततेवाचून होऊ शकत नाही.

हा डोंगर ज्या प्रदेशात आहे, तो ब्लॅक हिल्सचा परिसर १८६८ च्या तहाने अमेरिकन सरकारने या लोकांना कायमचा दिला होता. १८७४ मध्ये कस्टरच्या लष्करी मोहिमेला तेथे सोने सापडले आणि त्या ‘कायम’ शब्दाचे आयुष्य संपले. १८७७ मध्ये कायदा करून भूमी हिरावून घेण्यात आली. स्टर्जिसची वसाहत याच सुमाराची, आणि गावाचे नाव एका सेनाधिकाऱ्याचे. शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे अपहरण अन्याय्य ठरवून सुमारे साडेदहा कोटी डॉलरची भरपाई कायम केली. त्या जमातींनी ती नाकारली. त्यांना पैसा नको होता, डोंगर हवे होते. न स्वीकारलेली ती रक्कम व्याजासह वाढून आता एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि तो पैसा नाकारणारे लोक त्या देशातील सर्वांत दरिद्री वस्त्यांमध्ये राहतात. ऐहिक समृद्धीच्या शिखरावरील देशात हे घडते, याची नोंद आपल्याकडील अमेरिकाभक्तांनी घ्यायला हरकत नाही.

अशा डोंगराच्या पायथ्याशी दरवर्षी लाखो इंजिने धडधडतात. २००६ मध्ये तेथे एक प्रचंड दारूगुत्ता आणि संगीताचे मैदान उभारण्याची योजना आली, तेव्हा अनेक जमातींचे लोक एकत्र येऊन विरोधाला उभे राहिले. परवाना तरीही मिळाला. कायद्याच्या दृष्टीने जमीन खासगी होती आणि धंदा वैध होता. तीर्थक्षेत्राच्या वेशीवर दारूचे दुकान उघडले म्हणजे गावकऱ्यांच्या जिवाची काय तगमग होते, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. तेथे जमणाऱ्या मोटारसायकलस्वारांपैकी फार थोड्यांच्या मनात वैर असेल. बहुतेकांना तो डोंगर कोणाचा आहे हेच ठाऊक नसते. स्वतः पोरका झालेला समाज सोबतीच्या शोधात निघावा आणि त्याने दुसऱ्या समाजाच्या देव्हाऱ्यात मुक्काम ठोकावा, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडेही ही जत्रा आता दूरची राहिलेली नाही. जुन्या पिढीची ‘फटफटी’ दूधवाल्याची आणि तलाठ्याची होती. २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार उघडले आणि त्याच देवघेवीत हार्ले-डेव्हिडसनला भारताचे. लासलगावच्या विकिरण केंद्रातून हापूस तिकडे गेला, तिकडून पंधरा-वीस लाखांची फटफटी इकडे आली. त्या कंपनीने २०२० मध्ये येथील स्वतंत्र कारभार आवरून हिरो मोटोकॉर्पशी हातमिळवणी केली, पण तोवर संस्कृती रुजली होती. २०१३ पासून गोव्याच्या वागातोरला स्टर्जिसच्या धर्तीवरील मोठे मेळावे सुरू झाले. पुण्या-मुंबईचे संगणक अभियंते रजा काढून लडाखला जातात आणि द्रासच्या कारगिल स्मारकापाशी गाडी उभी करून नतमस्तक होतात. निवडणूक आली की गावोगावी झेंडे लावलेल्या मोटारसायकल फेऱ्या निघतात. त्यात सर्वच पक्षांचे कार्यकर्ते असतात आणि शिरस्त्राण मात्र कोणाच्याच डोक्यावर नसते. साऊथ डाकोटात सज्ञान माणसाला शिरस्त्राणाची सक्ती नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने ती आहे, तरी दृश्य तेच.

तरुणांच्या या ओढीला नाके मुरडून काही साधणार नाही. एकत्र निघावे, कष्टाची वाट धरावी, कोणाच्या तरी मागे-पुढे चालावे, ही ऊर्मी निरोगी आहे. शहरातील बंद दारांच्या सदनिकांत वाढलेल्या मुलाला ती अधिकच तीव्रतेने जाणवणार. आग्रह धरायचा तो फेरी काढणाऱ्यांपाशी. मुक्काम जिथे ठरवायचा, तेथील ग्रामसभेला आधी विचारावे. गडाच्या वा देवराईच्या पायथ्याशी रात्रीचा ध्वनिक्षेपक लावू नये. आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर बदललेल्या गाडीला रांगेत घेऊ नये. प्रायोजक म्हणून दारूच्या कंपनीचा फलक स्वीकारू नये. आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, त्याला निघण्यापूर्वीच घरी पाठवावे, मग तो स्थानिक पुढाऱ्याचा चिरंजीव असला तरी.