आत राखीव, बाहेर मर्जी

आयटीआयमध्ये दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. मोटारी वाइंड केल्या, स्टार-डेल्टा स्टार्टर जोडले. मग एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. स्टायपेंड संपला, गेट बंद. आज गोदीत माल उतरवतोय.

दोस्तांनो, १९६१चा अप्रेंटिस कायदा नीट वाचा. १९७३च्या दुरुस्तीनं त्यात अनुसूचित जाती-जमातींना जागा राखल्या. पण शिकाऊला पुढं नोकरी द्यायची सक्ती मालकावर नाहीच. २०१४ची दुरुस्ती म्हणते, भरतीचं धोरण मालकानंच ठरवावं. म्हणजे शिकायला राखीव जागा, पोटाला मालकाची मर्जी!

मी हात लावला म्हणून मोटार कधी विटाळली नाही. पगारपत्रकालाच तेवढा माझ्या नावाचा विटाळ. कौशल्याची भाषणं पुरे. शिकवलंत ना? मग कामावर घ्या!