विश्लेषण : बेसबॉलचे जगज्जेतेपद पैशाने विकत घेता येते?

लॉस एंजलिस डॉजर्सने २०२५ मध्ये टोरंटो ब्लू जेजला सातव्या सामन्यात अकराव्या डावापर्यंत झुंजून ५-४ असे हरवले आणि सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. न्यूयॉर्क यँकीजच्या १९९८ ते २००० या सलग तीन विजेतेपदांनंतर अशी कामगिरी कोणालाच जमली नव्हती. डॉजर्सच्या यशामागे मुक्त खेळाडूंवर, म्हणजेच ‘फ्री एजंट’वर ओतलेला प्रचंड पैसा आहे. त्यामुळे श्रीमंत क्लबांना वेसण घालण्याची मागणी अमेरिकेत पुन्हा जोर धरू लागली आहे. पण केवळ पैसा ओतून विजेता संघ खरेच बांधता येतो का?

‘फ्री एजंट’ म्हणजे कोण?

पूर्वी करार संपल्यानंतरही खेळाडूवर क्लबचाच हक्क राहत असे. १९६९ मध्ये कर्ट फ्लडने आपली परस्पर दुसऱ्या संघात केलेली रवानगी नाकारली आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. मात्र १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात लवादाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि बाजार खुला झाला. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच कोणत्याही क्लबशी बोलणी करू शकतो. तोपर्यंत मात्र तो मूळ क्लबशी बांधलेला असतो. सुरुवातीची सुमारे तीन वर्षे तर बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते.

डॉजर्सने नेमके काय केले?

फ्रेडी फ्रीमनला २०२२ मध्ये सहा वर्षांसाठी १६.२ कोटी डॉलर देऊन त्यांनी संघात घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याच महिन्यात जपानी गोलंदाज योशिनोबु यामामोतोला बारा वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर देऊ केले. शिवाय त्याच्या जपानी क्लबला पाच कोटींहून अधिक डॉलर वेगळे मोजले. पुढच्या हिवाळ्यात ब्लेक स्नेल १८.२ कोटी डॉलरच्या पाच वर्षांच्या करारावर आला.

ओतानीच्या करारात खरी मेख आहे. ७० पैकी ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळणार आहेत. करार सुरू असताना त्याच्या हाती वर्षाला फक्त २० लाख डॉलर पडतात. त्यामुळे कराच्या हिशेबात त्याची वार्षिक किंमत सात कोटींऐवजी सुमारे ४.६ कोटी डॉलरच धरली जाते.

खर्चावर मर्यादा नाही का?

आयपीएलमध्ये लिलावासाठी प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही, आहे तो फक्त ‘लक्झरी टॅक्स’. २०२५ साठी २४.१ कोटी डॉलरची पातळी ओलांडणाऱ्या क्लबला वरच्या रकमेवर कर भरावा लागला. सलग तिसऱ्या वर्षापासून हा दर ५० टक्के होतो. पातळी सहा कोटींहून अधिक ओलांडल्यास अधिभारासह तो ११० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे वरच्या प्रत्येक डॉलरमागे आणखी एक डॉलर दहा सेंट कर. डॉजर्सला हे परवडते, कारण स्थानिक टीव्ही कराराचे घसघशीत उत्पन्न, ओतानीमुळे मिळालेली जपानी बाजारपेठ आणि एका हंगामात ४० लाखांहून अधिक प्रेक्षक त्यांच्या पाठीशी आहेत. लहान शहरांतील क्लबांकडे यातले काहीच नाही.

मग पैसा म्हणजे हमखास विजय?

तसे नाही. न्यूयॉर्क मेट्सने २०२३ चा हंगाम ३५ कोटी डॉलरहून अधिक वेतनखर्चाने सुरू केला आणि १६२ पैकी ८७ सामने गमावले. पुढे हुआन सोटोशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार करूनही २०२५ मध्ये त्यांना बाद फेरी गाठता आली नाही. खुद्द ओतानी लॉस एंजलिस एंजल्सकडे सहा हंगाम खेळला, पण त्या संघाला एकदाही बाद फेरी दिसली नाही.

टेक्सास रेंजर्सचा मार्ग वेगळा होता. २०२१ मध्ये १०२ सामने हरल्यानंतर त्यांनी कोरी सीगरला ३२.५ कोटी आणि मार्कस सिमियनला १७.५ कोटी डॉलर दिले. जोश युंग, इव्हान कार्टर हे तरुण त्यांच्याच मुशीत घडत होते. दोन्ही फळ्या जुळल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. सीगर मालिकावीर ठरला.

गणित कुठे जुळते?

मुक्त बाजारात खेळाडू बहुधा तिशीच्या आसपास येतो. त्याच्या कालच्या कामगिरीची किंमत क्लब उद्याच्या वर्षांसाठी मोजत असतो. दुखापत झाली तरी करार संपत नाही. म्हणूनच स्वस्तात मिळणारे घरचे तरुण पाया रचतात आणि उरलेल्या पैशातून कळस चढवला जातो.

डॉजर्सच्या सातव्या सामन्यातही हेच दिसले. नवव्या डावात बरोबरी साधणारा षटकार मारला तो देवाणघेवाणीत आलेल्या मिगेल रोहासने. विजयी षटकार होता डॉजर्सनेच ड्राफ्टमधून निवडून घडवलेल्या विल स्मिथचा. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकूनही पुन्हा गोलंदाजीला उभा राहिला तो महागडा यामामोतो, आणि मालिकावीरही तोच.

पुढे काय?

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे. वेतनावर कमाल मर्यादा हवी, असा अनेक मालकांचा सूर आहे. संघटनेचा तिला पहिल्यापासून कडवा विरोध आहे. याच मुद्द्यावरून १९९४ चा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. २०२१-२२ मध्ये मालकांनी ९९ दिवस टाळेबंदी केली होती. मर्यादा आली तर लहान क्लबांना आशा वाटेल, पण फ्लडच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या मुक्त बाजाराला कुंपण पडेल. शिवाय वरची मर्यादा घातली म्हणून हात आखडता घेणारे मालक आपोआप खर्च करू लागत नाहीत. त्यासाठी किमान खर्चाची अट आणि टीव्ही उत्पन्नाचे अधिक न्याय्य वाटपही लागेल. त्यावर एकमत झाले नाही, तर २०२७ चा हंगाम वेळेवर सुरू होण्याची खात्री देता येणार नाही.