कढईत मीटर बुडवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली



तळणीच्या तेलाबाबत 1 जुलै 2018 पासून तुम्ही लागू केलेला नियम मला आपल्या अन्नकायद्यातला एक शहाणा नियम वाटतो. कढई कोणती, तेल कितीदा तापवायचं, कधी बदलायचं, या तपशिलात तुम्ही शिरला नाहीत. पुन्हापुन्हा तापवल्याने तेलात वाढणारे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, एवढंच सांगितलंत. कसं सांभाळायचं ते तळणाऱ्याने पाहावं. धंदेवाल्याला रीत शिकवत बसू नका, निकाल मागा, असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना याहून काय हवं?

पण एकदा वडापावच्या गाडीवर उभे राहून बघा. संध्याकाळच्या गर्दीत तेल खाली गेलं की पिशवी फोडून नवं तेल जुन्यातच ओततात. रंग काळपट झालेला असतो. वडे सोडले की फेस काठापर्यंत चढतो आणि लवकर बसत नाही. पोलर कंपाउंड्स मोजणारं यंत्र हजारो रुपयांचं, ते गाडीवाल्याकडे कुठून येणार? निरीक्षकाने नमुना नेलाच, तर विश्लेषकाला अहवालासाठी कायद्याने 14 दिवस दिले आहेत. तोवर ते तेल लोकांच्या पोटात गेलेलं असतं.

मग तपासलं काय जातं? नोंदणीचा कागद लावलाय का, डोक्यावर टोपी आहे का, कामगारांचे वैद्यकीय दाखले आहेत का. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना तुम्ही नोंदी ठेवायला लावल्यात. ती वही एका बैठकीत मागच्या तारखांनी भरता येते, हे तुमच्या निरीक्षकांना मी सांगायला नको. निकाल मागणारा नियम असा फिरून कागदावरच येतो.

याच्या उलट बर्फाचं. 2018 मध्येच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती केली. ही उघड उघड रीत लादणारी सक्ती, आणि मला ती पसंत आहे. रसवंतीवर निळी लादी फुटताना दिसली तर शाळकरी पोरही हटकेल. प्रयोगशाळा लागत नाही. (अंमल किती कडक झाला, हा वाद निराळा.)

माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्याकडे मोजायची साधनं आहेत त्याच्याकडून निकाल मागा आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला डोळ्यांना दिसेल असा सोपा नियम द्या. जुन्यात नवं तेल ओतायचं नाही. फेस बसेना किंवा धूर येऊ लागला की कढई रिकामी. गाडीवाल्याला एवढं पुरे. शिवाय त्याचं वापरलेलं तेल विकत घेणारा माणूस वॉर्डात फिरला पाहिजे, नाहीतर फेकण्याचा तोटा तो कशाला सोसेल? फरसाणाचे कारखाने आणि हॉटेलांच्या साखळ्यांना मात्र टोपीवरून छळू नका. त्यांच्या तेलाचा आकडा मागा, आणि तोही अचानक जाऊन.

आकडा विश्वासाचा हवा, हेही आलंच. जून 2015 मध्ये तुम्ही मॅगीवर बंदी घातली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीची बाजू नीट ऐकली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती. मोजणारा कच्चा असला की बलाढ्य कंपनी कोर्टातून सुटते. गाडीवाला मुकाट्याने दंड भरतो.

तेव्हा विनंती अशी. प्रत्येक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती तेल तपासायचा मीटर द्या. दिवाळीच्या तोंडावर तपासणीची मोहीम निघते, तेव्हा किती दुकानांना भेटी दिल्या हे आम्हाला सांगू नका. किती कढयांत मीटर बुडवला आणि त्यातल्या किती 25 टक्क्यांच्या वर निघाल्या, हे जिल्हावार जाहीर करा.

आपला,
एक ग्राहक