पंचवीस वर्षांची अट

मध्यवर्ती सरकारनें आपल्या नोकरांसाठीं 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना अमलांत आणली, तिचें पुष्कळांनीं स्वागत केलें. आम्हीही तें करतों. कारण बाजाराच्या चढउतारावर झुलणाऱ्या पेन्शनीपेक्षां ठरीव पेन्शन बरी, हें कोणाही हिशेबी माणसास पटेल. परंतु ह्या योजनेच्या पोटांत पंचवीस वर्षांची जी अट आहे, तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

नियम असा कीं, पंचवीस वर्षें नोकरी झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळावी. नोकरी कमी असल्यास पेन्शन त्या मानानें कमी व्हावी. आणि दहा वर्षें भरलीं असल्यास ती दरमहा 10,000 रुपयांच्या खालीं जाऊं नये. आतां ही योजना आहे कोणासाठीं? 1 जानेवारी 2004 पासून नोकरीस लागून राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतींत गेलेल्यांसाठीं. बोटें मोजून पाहावींत. त्या जानेवारींत लागलेल्या मनुष्याचीं पंचवीस वर्षें 2029 पूर्वीं भरत नाहींत! म्हणजे 2028 अखेरपर्यंत ह्या योजनेखालीं साठाव्या वर्षीं घरीं बसणाऱ्यांस सामान्यतः निम्म्या पगाराची पेन्शन मिळणें शक्यच नाहीं. मूळ पगार 60,000 रुपये आणि नोकरी बावीस वर्षें असेल, तर 30,000 च्या जागीं 26,400 हातीं पडतील. महिना 3,600 रुपयांत कित्येक घरांचें औषधपाणी निघतें.

हे लोक कोण? जे उशिरां लागले ते. पति वारल्यावर अनुकंपेनें नोकरी मिळालेली विधवा, वयाची सवलत घेऊन आलेला मागास वर्गांतील इसम, रोजंदारीवर उमेदीचीं वर्षें घालवून मग कायम झालेला कामगार. ज्यांच्या पदरीं आधींच कमी पडलें, त्यांच्याच पेन्शनीस कात्री लागावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आमचे व्यापारी वाचक म्हणतील कीं, करार वाचूनच त्यांनीं नोकरी पत्करली, आणि तिजोरींत पैसा भरतों आम्ही. आक्षेप खोटा नाहीं. जुनी पेन्शन सर्वांस परत द्या, असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु सरकार आपली वर्गणी 1 एप्रिल 2019 पासून शेंकडा दहाची चौदा करतें, ह्यावरून पहिलीं पंधरा वर्षें ती अपुरी होती हें उघड आहे. आणि तीं दुबळीं वर्षें ह्याच मंडळींच्या वांट्यास आलीं. 2029 पूर्वीं निवृत्त होणाऱ्यांपुरती पंचवीसाची अट वीसावर आणावी. ही संख्या मर्यादित आहे, आणि दर वर्षीं ती आपोआप घटणार आहे.

दुसरी गोष्ट विकल्पाची. तो देण्याची मुदत प्रथम 30 जून, मग 30 सप्टेंबर व मग 30 नोव्हेंबर 2025 अशी वाढवावी लागली. नवी योजना घेतलेल्यास निवृत्तीच्या एक वर्ष आधींपर्यंत एकवार परत फिरतां येतें. जो गप्प राहिला तो मात्र होता तेथेंच राहिला. दार एकाच बाजूनें कां उघडावें? निवड सोपी नाहीं. नव्या योजनेंत नोकराच्या मागें त्याच्या पत्नीस पेन्शनीचा शेंकडा साठ भाग मिळतो, पण तिच्यामागें मुलांस कांहीं उरत नाहीं. उलट विमा कंपनीच्या कांहीं वर्षासनांत मुद्दल वारसांकडे परत येतें. हा हिशेब जिच्या म्हातारपणाचा, तिला तो न विचारतां कचेरींतील सोबत्यांच्या सांगण्यावरून सही ठोकणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांच्या ह्या शहाणपणास काय म्हणावें?

महाराष्ट्रांत तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. येथें 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेले नोकर जुन्या पेन्शनीस मुकले. मार्च 2023 च्या संपानंतर, 25 ऑगस्ट 2024 रोजीं, राज्य मंत्रिमंडळानें हीच एकीकृत योजना स्वीकारण्याचें ठरविलें. येथील बहुतेक नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होतात, आणि त्यांचीं पंचवीस वर्षें नोव्हेंबर 2030 पूर्वीं भरत नाहींत. तोंपर्यंत किती शिक्षक, तलाठी व परिचारिका अपुऱ्या नोकरीनिशीं घरीं जातील, ह्याचा आंकडा राज्य सरकारच्या दप्तरांत असलाच पाहिजे. तो विधिमंडळापुढें ठेवावा, अशी आमची मागणी आहे.