मजूर टिकवायचा असेल तर

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. पिंपळवंडी, नारायणगाव, मंचर, सगळीकडून तीच तक्रार : डिपिंगला माणूस मिळत नाही, विरळणीची टोळी काम अर्धवट टाकून गेली, उचल घेतलेला मुकादम फोन उचलत नाही. तक्रार खरी आहे. विरळणी लांबली की मणी फुगत नाहीत आणि जंबो द्राक्षाला दर मिळत नाही, हे कोणी सांगायला नको. पण मजूर का टिकत नाही, हे एकाही पत्रात नाही.

नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन पाहा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, अकोले तालुक्याकडची ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबे उभी असतात. पोर कडेवर, भाकरी फडक्यात. पिकअप थांबली की रोजावरून घासाघीस सुरू, आणि ज्याला कोणी नेले नाही त्याचा दिवस बुडाला. गावाकडे भाताची आवणी, कापणी आणि उन्हाळ्यात थोडा हिरडा, एवढ्यावर वर्ष निघत नाही. आज तुमच्या बागेत, उद्या दुसऱ्याच्या कांद्यात आणि परवा कुठेच नाही, अशी त्याची गत आपणच करून ठेवली आहे.

त्यात सरकारी नियमाचा अजब न्याय. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, औषध हाताळताना झालेली विषबाधा, सगळे त्यात बसते. पण हे पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. म्हणजे डाऊनीची फवारणी बागायतदाराच्या मुलाने केली तर संरक्षण आहे. एचटीपी पंपाची गन मजुराच्या हातात असेल तर नाही. रात्री लाइट आल्यावर उसाला पाणी धरायला तोच जातो, बिबट्याच्या पट्ट्यात उसाकडेला पाल त्याचेच असते. गावाकडे खाचर नावावर असेल तर तो कसाबसा योजनेत बसतो. आजोबाच्या नावावरची वारसनोंद अडकली असेल किंवा तो भूमिहीन कातकरी असेल, तर त्याच्या बायकोने कोणाच्या दारात जायचे? बांधकाम मजुरांना मंडळ मिळाले, ऊसतोड कामगारांना महामंडळ मिळाले. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा करून ज्या राज्याने काम मागण्याचा हक्क दिला, त्याच राज्यात शेतमजूर शेतात मेला तर त्याचा सातबारा विचारला जातो. कृषी खात्याने हा नियम तातडीने बदलावा. जिथे काम करताना अपघात झाला त्या शेताचा सातबारा आणि मालकाचा जबाब एवढे पुरावे पुरेत.

पण शासन निर्णयाची वाट पाहत बसणाऱ्या बागायतदारांनाही आम्ही सोडणार नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. मजुराचे बँक खाते हवे, वय १८ ते ७० हवे. औषधांचे बिल हजारांत फेडणाऱ्याला हे २० रुपये जड आहेत? किती जणांनी भरले?

दुसरे, तीन-चार बागायतदारांनी मिळून सहा कुटुंबे वर्षभरासाठी बांधून घ्या. खरड छाटणी, सबकेन, टोमॅटोची बांधणी आणि खुडा, ऑक्टोबर छाटणी, विरळणी, कांद्याची लागण, द्राक्षाची काढणी : एकाच्या रानात काम सरते तेव्हा शेजारच्याकडे सुरू होते. आवणी-कापणीला सुट्टी ठरवूनच द्या, नाहीतर ते न सांगता जातील, आणि त्यांचे चुकणार नाही. उचलीऐवजी दरमहा पगार खात्यावर टाका, हजेरीची वही ठेवा. राहायला पक्की खोली द्या, उसापासून लांब. पोरांची नावे जवळच्या शाळेत घाला. पोर शाळेत गेले की कुटुंब सहसा हंगाम मोडून जात नाही.

योजनेचा नियम बदलण्याची मागणी पिंपळवंडीच्या ग्रामसभेपासून सुरू व्हावी. ठरावाचा मसुदा याच अंकात शेवटच्या पानावर छापला आहे. येत्या ग्रामसभेत तो मांडा, मंजूर प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि पोच आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात कोणत्या गावाने ठराव केला आणि कोणत्या गावाने केला नाही, हे नावानिशी छापू.