सही करण्याआधी

परवा बचत गटाच्या बैठकीत घोडेगावकडची एक ताई म्हणाली, "नवरा दारू पिऊन बेशुद्ध पडला होता. दवाखान्यात कागद पुढे केले, मी सह्या करून मोकळी झाले. कशावर केल्या, ते विचारायचं भानच नव्हतं." सगळ्याच गप्प झाल्या. अशी रात्र आमच्यातल्या कितीजणींनी काढली आहे!

दारू उतरवणारं इंजेक्शन असतं, असा आपल्याकडे समज आहे. तसं हमखास औषध अजून नाही. श्वास सांभाळणं, सलाइन, साखर उतरली असेल तर ग्लुकोज, हाच उपचार. मेटाडॉक्सिनने रक्तातली दारू लवकर कमी होते, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं. पण तेवढ्यावर त्याला उतारा म्हणता येत नाही. विषारी दारूचं वेगळं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलने. त्यावर फोमेपिझोल हा उतारा आहे, पण तो महाग आणि सहज न मिळणारा.

म्हणून नव्या औषधांच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. "दारुड्यासाठी कशाला?" असं मी म्हणणार नाही, तोही कुणाचा तरी बाप असतो. पण बेशुद्ध माणसाची संमती कोण देणार? बहुतेक वेळा बायकोच, तीही रडवेली, मध्यरात्री.

अशा वेळी तिला तिचे हक्क माहीत हवेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीला नकार दिला, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाही विचारायला हवं. चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांत मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं मराठीत, तिला कळेल अशा शब्दांत कुणीतरी वाचून दाखवावं. अंगठा उठवणारीलाही विचार करायला पाच मिनिटं मिळावीत.

आणि मैत्रिणींनो, घरी असं झालं तर ताक, लिंबूपाणी पाजू नका. त्याला कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. उतारा येईल तेव्हा येईल. गावातलं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान मात्र आजही आपल्या हातात आहे. ती सही मात्र बिनधास्त करा!